उकडीची पाई

पाई म्हणजे सारण पारीत कोंडून ओव्हनमध्ये भाजायचं. तिच्या परदेशी पाककृतींत एक सूचना कधी चुकत नाही. लोणी फ्रीजमधून नुकतं काढलेलं हवं, पाणी बर्फाचं हवं, बोटं गार हवीत, आणि पीठ गोळा झालं की पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये. लिहिणारी बाई राहते तिथे खिडकीबाहेर बाराही महिने रिमझिम चालू असणार. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी ओट्याचा काळा दगड हाताला कोमट लागतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून आंघोळीला घ्यावं असं येतं, आणि लोण्याच्या वडीचा कागद सोलेपर्यंत तिचे कोपरे गोल झालेले असतात. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात आमचा पारा ४३-४४ ला टेकतो. यात कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

तरी मी खारं भाजते. केक, मफिन, कुकी यांच्या वाटेला फारशी जात नाही. गोडाला आपल्याकडे काय कमी आहे? शेंगापोळी एकदा नीट जमली की माणसाला केकची आठवण येत नाही. पण भाजी चारी बाजूंनी पारीत कोंडायची, तेलात न सोडता कोरड्या आचेवर भाजायची, हे आपल्या स्वयंपाकात विरळाच. करंजी आपण तळतो, मोदक वाफवतो, धपाटं तव्यावर टाकतो. पानगे-रोडगे निखाऱ्यावर होतात खरे, पण त्यांच्या पोटात सारण नसतं. पाईमध्ये आतली भाजी स्वतःच्याच वाफेत मुरत राहते आणि बाहेरची पारी मात्र कोरडी, खुसखुशीत होत जाते. दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी एकाच डब्यात चाललेल्या असतात. मला त्याचीच ओढ आहे.

लहानपणी आमचा ओव्हन म्हणजे पेठेतली भट्टी. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरून रवा, मैदा, पिठीसाखर, तूप सगळं मोजून पिशवीत भरायचं, स्टीलचे रिकामे डबे दुसऱ्या पिशवीत, आणि बेकरीत जाऊन नानकटाई करून आणायची. पोरांचं काम राखणीचं. आपले पत्रे कुठले, दुसऱ्यांचे कुठले, यावर नजर ठेवायची, नाहीतर आपल्या तुपातली नानकटाई कुणाच्या तरी डब्यात आणि त्यांची डालड्याची आपल्या. भट्टीच्या तोंडातून लांब दांड्याच्या फळीवर पत्रे आत-बाहेर होत राहायचे. माझी राखण मात्र कच्ची पडायची, कारण माझं लक्ष पलीकडच्या टेबलावर असायचं. तिथे खारीचं पीठ चाललेलं असे. मैद्याचा एक प्रचंड पांढरा ताव टेबलभर पसरलेला, त्यावर बेकरीवाले चाचा मार्गरीनचा गोळा तळहाताच्या टाचेने ओढत ओढत कडेपर्यंत नेत. मग इकडची बाजू मध्यावर, तिकडची तिच्यावर, दुकानात चादर घडी करून गिऱ्हाइकासमोरून उचलतात तशी. लाटायचं, फिरवायचं, पुन्हा घडी. मधे ओलं फडकं टाकून पीठ झोपवून ठेवायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. चाचांच्या हालचालीत घाई म्हणून नसे.

त्या घड्यांचं गणित मोठी झाल्यावर कळलं. तीन पदरी घडी सहा वेळा घातली की तीनाचा सहावा घात, म्हणजे ७२९ थर होतात. प्रत्येक दोन पापुद्र्यांमध्ये स्निग्धाचा पातळ थर असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. भट्टीत गेल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते. पाणी वाफ होताना सोळाशे पटींहून जास्त जागा मागतं, ती जागा मिळवायला पापुद्रे उचलले जातात, आणि तेवढ्यात आचेने ते वाळून तसेच उभे राहतात. खारीत ना सोडा ना यीस्ट. जे काही फुगतं ते नुसत्या पाण्यावर.

आपल्या चिरोट्यात वेगळं काय असतं? साट्यात तुपाबरोबर तांदळाची पिठी फेसतात ती उगाच नाही. नुसतं तूप लावलं तर लाटताना ते पातळ होऊन कडेने ओघळतं. पिठीने त्याला अंग येतं, थर जागेवर बसतो. बेकरीवाल्यांनी लोणी सोडून मार्गरीन धरलं तेही केवळ स्वस्त म्हणून नव्हे. खारीसाठीचं मार्गरीन चाळिशीच्या पुढे वितळतं, म्हणून उन्हाळ्यातही घडी टिकते. लोण्याची चव त्याला नाही, आणि जिभेवर मागे राहणारा मेणचट थर कुणाला आवडणार? पण खारी चहात बुडवताना हे कोण बघतो.

माझं यावरचं मत घरात कुणाला पटत नाही, तरी सांगते. घरी पफ पेस्ट्री, म्हणजे खारीसारखी पापुद्र्यांची पारी, करण्याच्या भानगडीत सोलापुरात पडू नये. हल्ली तयार गोठवलेल्या शीट मिळतात. दुकानातून स्कूटरवर घरी येईपर्यंत त्यांची एकमेकींत इतकी मैत्री होते की सुरीने सोडवाव्या लागतात. आणि लोण्याची घडी एसी लावून, बर्फाचं ताट ओट्यावर ठेवून कुणी केलीच, तरी जे हातात येतं त्याहून बरी खारी कोपऱ्यावर ताजी मिळते. पॅटिसही तिथेच खावं. काही कामं भट्टीचीच असतात.

लोण्याची साधी पारी मात्र मी करते, पण थंडीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वयंपाकघर खरंच गार असतं. पाव किलो मैद्याला सव्वाशे ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, आणि पाणी अगदी बेताचं. खारं लोणी असेल तर मीठही नको. रीत मोहनाचीच: लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, रवाळ झालं की मूठ दाबून बघायची, मुटका वळला पाहिजे. पिठाच्या कणांना स्निग्धाचं अस्तर बसलं की पाणी आतल्या प्रथिनांपर्यंत पोचत नाही, ग्लुटेनच्या लांब तारा तयार होत नाहीत आणि पारी वातड होत नाही. ज्यांनी आयुष्यभर शंकरपाळ्यांचं मोहन हाताने ओळखलं त्यांना हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की इथे मोहन कडकडीत नसतं, गार असतं, म्हणून लोण्याचे काही तुकडे अख्खे राहतात. ओव्हनमध्ये ते वितळले की त्यांच्या जागी पोकळी राहते आणि पारी तिथे तिथे सुटते.

आणि नेमकी त्याच दिवसांत भोगी येते. शहरात गड्ड्याची जत्रा भरलेली असते, घरात वांगी, गाजर, पावटे, ओला हरभरा, बोरं, हे सगळं एकदम येऊन पडलेलं असतं. भोगीची भाजी पाईसाठीच जन्माला आली असं मी म्हटलं की सासूबाई दुसरीकडे बघतात. बोरं तेवढी मी काढते, बी दाताखाली आली तर संपलं. भाजी नेहमीपेक्षा कोरडी करायची, तिळाचं आणि दाण्याचं कूट जरा सढळ, आणि ती पूर्ण गार होऊ द्यायची. गरम सारण भरलं की लोणी ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळून पारी बसते. वरच्या झाकणावर तीळ. अंड्याचा हात आमच्या घरात चालत नाही, तिथे साय लावते. साईने रंग थोडा मळकट सोनेरी येतो, अंड्याची चकाकी येत नाही. मला तोच बरा वाटतो.

पाईचं खरं दुखणं तिच्या तळाशी असतं. वरून झाकण गुलाबी, कडा खमंग, आणि पहिला तुकडा उचलला की खाली ओला, कच्चट लगदा. वरच्या रंगाला भुलून लोक ती लवकर बाहेर काढतात. तळाला दोन गोष्टी लागतात: खालून थेट आच, आणि भाजीचं पाणी पारीला लागण्याआधी ते पिणारं काहीतरी. ओटीजी, म्हणजे घरचा विजेचा ओव्हन, तापतानाच त्यात जाड पत्रा खालच्या घरात ठेवून द्यावा आणि पाईचा डबा थेट त्या तापल्या पत्र्यावर ठेवावा. दुसऱ्या कामाला तिकडे ब्रेडचा चुरा वापरतात. मी भाजलेल्या शेंगांचं कूट वापरते, सारणाखाली अर्ध्या पेराचा थर. कूट पाणी पितं, सुटलेलं तेल पारीत मुरतं आणि चव वाढते ती वेगळीच. झाकणाला मधे भोक हवंच, नाहीतर वाफ स्वतःच वाट काढते, आणि ती कुठून काढेल याचा नेम नाही.

उघड्या पाईचा तळ आधी रिकामा भाजून घ्यावा लागतो. तो फुगू नये म्हणून कागद घालून वर वजन ठेवायचं. माझं वजन म्हणजे दोन वाट्या हरभरे. तेच ते, वर्षानुवर्षं. त्या बरणीवर मोठ्या अक्षरात ‘शिजवू नये’ असं लिहिलंय. तरी एकदा पाहुणे यायचे होते म्हणून ते भिजत पडले होते. रात्रभर भिजूनही जसेच्या तसे. सासूबाईंनी वाण्याला दोन शब्द सुनावले म्हणे.

थंडी गेली की लोण्याची पारी मी बंद करते. पण ओव्हन बंद करत नाही, कारण इंग्रजांकडे एक पाई अशी आहे की तिला गार काही लागतच नाही. लेस्टरशरमधल्या मेल्टन मोब्रे गावची पोर्क पाई. तिची पारी उकळत्या पाण्याची असते. पाण्यात चरबी घालून उकळायची, तशीच पिठावर ओतायची, आणि हाताला सोसेल तेव्हा मळायची. गावातली अस्सल पाई साच्याविना उभी भाजतात, म्हणून तिच्या भिंती पोट सुटल्यासारख्या बाहेर आलेल्या असतात. आतलं डुकराचं मांस आमच्या कामाचं नाही, पारी मात्र आमचीच आहे. भांड्यात पाणी उकळतंय, त्यात तूप-मीठ, वरून पीठ, ढवळून झाकण: हे वाचताना मला इंग्लंड आठवेना, गणेश चतुर्थीची सकाळ आठवली. आणि ज्वारीचं पीठ तर आम्ही रोजच गरम पाण्याने भिजवतो. ज्वारीत ग्लुटेन नसतं, भाकरी थापायला पिठाला चिकटा यावा लागतो, तो गरम पाण्याने पिठातलं स्टार्च फुलून येतो. मैद्यात हेच पाणी आणखी एक काम करतं, ग्लुटेनची ताणाताणी कमी करतं. म्हणून ही पारी लाटताना मागे ओढली जात नाही, लवते आणि जिथे ठेवाल तिथे राहते.

माझं माप असं. अडीचशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम ज्वारीचं पीठ, शंभर ग्रॅम तूप, सव्वाशे मिली पाणी, चमचाभर मीठ. ज्वारी मालदांडी जातीची असेल तर उत्तम, आणि आमच्याकडे ती नसेल तर कुठे असणार? शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीने पारीला ठिसूळपणा येतो, वर भाजल्या भाकरीचा वास. पन्नासच्या पुढे गेलं की मुरड घालताना चिरा पडतात, तेव्हा हात आवरावा. पाणी खळखळलं की पिठात ओतायचं आणि लाकडी उलथन्याने भराभर फिरवायचं. आधी नुसत्या गाठी दिसतात, वाटतं बिघडलं. मग हात घातला की दोन मिनिटांत गाठी एकमेकींत विरतात आणि गोळा तुकतुकीत होतो, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. पहिल्यांदा हे चाललेलं बघून सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “भाकरी करतीस होय? मग एवढं तूप कशाला?”

इंग्रजी पुस्तकं या पिठाबाबत घाई करायला सांगतात, कारण गार झालं की चरबी थिजून पीठ कडक होतं आणि तुटतं. सोलापुरात मेमध्ये ते गार व्हायचं नावच घेत नाही, तासभर निवांत हात चालवता येतो. पण त्याच कारणाने भिंती उभ्याही राहत नाहीत. तूप थिजेल तर भिंत धरेल ना! तेव्हा साच्याविना पाई इथे जानेवारीत करावी, उन्हाळ्यात नाही. मी तळ सुटणारा केकचा डबा घेते, त्याला आतून पारी थापत थापत वर चढवते. लाटण्याचीही गरज नाही, अंगठ्याने दाबत गेलं की पुरतं. २०० अंशांवर वीस मिनिटं, मग १८० वर आणखी अर्धा तास. ओटीजीच्या खटक्यावरचा आकडा आणि आतली खरी आच यात वीसेक अंशांची तफावत सहज असते, म्हणून आकड्यापेक्षा कडेच्या रंगाकडे बघावं.

याच पिठाची मी पेस्टीही करते. कॉर्नवॉल, इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक. तिथल्या कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणीत उतरणाऱ्या कामगारांचा हा डबा. अर्धगोल पारी, आत मांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमासारखा कंद, सगळं कच्चंच भरून भाजायचं. आपल्या सोलापुरी चादरीसारखं या पेस्टीलाही मानांकन आहे, २०११ पासून. नियम कडक: अख्ख्या पेस्टीत मांस किमान साडेबारा टक्के, भाज्या किमान पंचवीस टक्के, आणि मुरड कडेलाच हवी, डोक्यावर चालणार नाही. मुरडीवरून युरोपात कायदा झाला हे ऐकून मला फार समाधान वाटलं. एकोणिसाव्या शतकात हे खाणकामगार चांदीच्या खाणींसाठी मेक्सिकोला गेले, पेस्टी बरोबर घेऊन. तिथल्या इदाल्गो राज्यात ती अजून विकली जाते, आत मिरच्या घालून. पदार्थ कामगाराबरोबर फिरतात हे सोलापूरला कुणी सांगायला नको. १८७७ साली इथे जुनी मिल निघाली, गिरण्या-मागांमागे तेलंगणातून विणकर आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची स्वयंपाकघरंही. कडक भाकरी तरी काय, दिवसेंदिवस न विटणारी शिदोरीच.

आमच्या शेजारच्या काकू तेलुगूभाषक. माझी पेस्टी चाललेली असताना त्या विरजण मागायला आल्या आणि माझी मुरड बघून त्यांना राहवेना. विरजणाची वाटी खाली ठेवली, हात धुतला, आणि कड उजव्या अंगठ्याखाली घेऊन इतकी बारीक, इतकी एकसारखी दुमडत गेल्या की मी ओव्हन तापवायचं विसरले. अंगठा दाबतो, तर्जनी ओढून वर घेते, पुढच्या दाबाला आधीची दुमड झाकली जाते. कड पाण्याने ओली करायचीही गरज नाही म्हणाल्या, तूप आहे ना. “हे तर आमचं कज्जिकाय की गं,” त्या म्हणाल्या, “तळत का नाहीस?” भाजल्यावर एक खाऊन बघितली. मत बदललं नाही. तळलेलं बरं लागतं म्हणाल्या. पण मुरड घालायची असली की हाक मार, असंही म्हणाल्या, आणि मी मारते.

उन्हाळ्यातलं सारण हा वेगळा विचार आहे. या हवेत शिजवलेला बटाटा संध्याकाळी विश्वासाचा राहत नाही, पनीर तर नाहीच. सासूबाईंच्या माहेरची पुंडीची भाजी इथे कामी आली. पुंडी म्हणजे अंबाडी. कानडी घरांत ती ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात, वरून लसणाची चरचरीत फोडणी. कण्या पाणी पिऊन बसतात, त्यामुळे भाजी मुळातच कोरडी, आणि आंबटपणामुळे टिकते बरी. पाईच्या सारणाला आणखी काय लागतं? शेंगाचटणी तेलात कालवून पेस्टीत तळाला लावते. हरभऱ्याची डाळ भिजवून, भरड वाटून, कैरी किसून, तेलावर मोकळी परतून घातली तर तीही छान. तिखट मात्र नेहमीपेक्षा जास्त लागतं, पारी सगळा तिखटपणा पिऊन टाकते. हिवाळ्यात कोवळा हुरडा मिळाला की तो, हिरवा लसूण आणि मिरची. तेव्हा मात्र पारी लोण्याची.

भाजायची वेळ पहाटेची. उजाडल्यावर ओव्हन लावला तर घरातली माणसं बोलत नाहीत, पंख्याकडे बघतात. तीन-चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी ज्या पहाटे येतं ती पहाट सोडून. त्या दिवशी घागरी, पिंप आणि मोटर यांपुढे पाईला कोण विचारतो.

मुलगी पुण्यात नोकरी करते. कुणी ओळखीचं सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालं की त्याच्याबरोबर डबा जातो. लोण्याची पारी गाडीत तुकडे होऊन पोचायची. उकडीची अख्खी पोचते, दुपारी तिच्या ऑफिसात टेबलावर कापली जाते. परवा तिचा फोन आला: मैत्रिणींना पुंडी आंबट लागते, बटाट्याची पाठव. बटाट्याची हवी तर दिवाळीनंतर मागा म्हटलं. तोवर कैरीची डाळ आहे. काकूंनाही सांगून ठेवलंय, या खेपेला पेस्टी जास्त करायच्यात, मुरडीला हात लागेल.